डोळा मारणारी मियाटा: मोटर बदलायच्या आधी काय काय बघायचं

तुम्ही लिहिलंय ते असं: १९९२ची मझदा मियाटा, म्हणजे हेडलाइट एरवी झाकणाखाली मिटलेले आणि हवे तेव्हा वर उठणारे अशी छोटी स्पोर्ट्स गाडी, मुक्काम अमेरिकेतलं मिशिगन, आधीच्या मालकाकडे गाडी बरीच वर्षं नुसती उभी होती. बटण दाबलं की उजवा दिवा नीट उठतो. डावा कधी उठतो, कधी अर्ध्यात थांबतो, कधी जागचा हलत नाही, आणि वरून थाप मारली की मात्र मुकाट उठतो. शिवाय मध्येच एखाद्या रात्री दोन्ही दिवे उठतच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नाही अशा थाटात उठतात. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही मोटरा बदला. खरंच बदलायच्या का?

बदलू नका, निदान आत्ताच नाही. तुमच्या गाडीला दोन वेगळे आजार आहेत आणि गॅरेजवाल्याने त्यांची एकच मोळी बांधली आहे. डाव्या दिव्याचं दुखणं मोटरच्या आत असण्याची शक्यता भरपूर आहे, पण ते बहुधा साफसफाईने बरं होणारं आहे. दोन्ही दिवे एकदम न उठणं हे मोटरांचं काम नव्हे. दोन स्वतंत्र मोटरा एकाच क्षणी बंद पडायच्या आणि सकाळी एकत्रच बऱ्या व्हायच्या, असं होत नसतं. दोघींना वीज जिथून येते तिथे काहीतरी सैल किंवा जळालेलं आहे. नव्या मोटरा बसवल्या तरी ती रात्र पुन्हा येणार.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते डोक्यात पक्कं करा, म्हणजे पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल. या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतःची मोटर आहे. मोटर एकाच दिशेने फिरते; वर जाताना सुलटी आणि खाली येताना उलटी, असं काही नाही. मोटरच्या दांड्यावर एक आखूड हात बसवलेला असतो, त्या हाताला एक लिंक, आणि लिंकचं दुसरं टोक दिव्याच्या चौकटीला. हात अर्धा फेरा फिरला की दिवा वर, उरलेला अर्धा फेरा फिरला की दिवा खाली. थांबायचं कुठे हे सांगायला कुठला कॉम्प्युटर नाही. मोटरच्या आत गिअरबरोबर फिरणारे तांब्याचे पट्टे आहेत आणि त्यांच्यावर स्प्रिंगच्या पत्र्याची बारीक बोटं घासत राहतात. रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचने, ‘वर’च्या वायरीला वीज दिली की पट्टा बोटाखालून सरकत राहतो, दिवा पुरता वर आला की पट्टा संपतो, वीज तुटते, मोटर थांबते. खाली जायचं असेल तेव्हा ‘खाली’च्या वायरीला वीज, आणि तसाच दुसरा पट्टा. सगळी हुशारी एवढीच. आता विचार करा: तीस वर्षांचं ग्रीस त्या पट्ट्यावर जाऊन बसलं, किंवा ओल लागून तांबं काळं पडलं, तर मोटर नेमकी त्या डागावर येऊन थांबेल. थाप मारली की बोट जरा हलतं, डाग ओलांडतं आणि दिवा उठतो. तुम्ही सांगितलेलं लक्षण अगदी हेच आहे.

हात घालायच्या आधी एक गोष्ट. इंजिनशेजारच्या फ्यूजपेटीच्या झाकणावर ‘रिट्रॅक्टर’ (दिवे वर-खाली करणारी यंत्रणा) असं लिहिलेला ३० अँपिअरचा फ्यूज शोधा आणि काढून खिशात ठेवा. दिव्याचं झाकण दिसायला नाजूक असलं तरी लिंकमध्ये सापडलेलं बोट ही मोटर सोडत नाही, आणि अर्धवट चालणारी मोटर कधी जागी होईल सांगता येत नाही. फ्यूज काढल्यावर मोटरच्या डोक्यावरची रबरी टोपी काढा. तिच्याखाली हाताने फिरवायची गुंडी आहे. ती फिरवत राहिलात की दिवा सावकाश वर येतो, तसंच पुढे फिरवत राहिलं की खाली जातो. रात्री अडकलात तर हाच उपाय: फ्यूज काढायचा, दोन्ही गुंड्या फिरवून दिवे वर करायचे आणि घरी यायचं. दिव्यांच्या उजेडाचा फ्यूज वेगळा आहे, त्यामुळे दिवे लागतात. मात्र झाकण मिटलेलं असताना आत दिवा पेटता ठेवून गाडी चालवू नका. बंद खोबणीत तो चांगलाच तापतो. आणि ती रबरी टोपी जागेवर आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत कोणीतरी गुंडी फिरवून टोपी तिथेच कुठेतरी टाकून दिलेली असते, आणि मग पाणी दांड्यावरून थेट मोटरमध्ये उतरतं.

आता पहिला आजार, दोन्ही न उठण्याचा. बॅटरीपासून सुरुवात करा. या गाडीची बॅटरी डिकीत असते, म्हणजे दिव्यांपर्यंत वीज पूर्ण गाडीची लांबी चालून येते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. १२.२ दिसत असेल तर बॅटरी अर्धी रिकामी आहे, आधी ती चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मोजमापं फसवी निघतील. डिकीतला अर्थचा बोल्ट उघडून खालचा पत्रा चकचकीत करून परत आवळा. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात त्या मिठाने काय काय खाल्लेलं असेल ते वरून दिसत नाही.

मग तोच रिट्रॅक्टरचा फ्यूज. लोक फ्यूज काढतात, तार शाबूत दिसते, परत लावतात आणि म्हणतात फ्यूज ठीक. पण फ्यूज ज्या खाचेत बसतो तिचे पाय सैल झालेत का, हिरवट पडलेत का, हे बघायचं राहून जातं. रात्री न उठणारे दिवे सकाळी उठतात, याचं सगळ्यात स्वस्त कारण तेच. फ्यूज दोनचारदा आत-बाहेर केल्यावर दिवे बरेच दिवस नीट चालले, तर चोर सापडला असं समजा आणि खाचेचे पाय साफ करून बारीक चिमट्याने किंचित आवळा. फ्यूज वारंवार उडत असेल तर ते वेगळं. म्हणजे कुठेतरी मोटर अडते आहे किंवा वायर पत्र्याला घासते आहे. तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज लावणारा माणूस दिसला तर त्याच्या हातातून पाना काढून घ्या.

फ्यूज ठीक असेल तर तो परत लावा, घरातल्या कोणालातरी आत बसवून बटण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून कान द्या. रिलेचा ‘टक’ आवाज येतोय, पण दोन्ही मोटरा गप्प, म्हणजे रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत. ‘टक’ येतच नाही, म्हणजे दोष बटणाकडून रिलेपर्यंतच्या वाटेत. इथे या गाडीची एक सोय कामाला येते. दिवे उठवायचे दोन मार्ग आहेत: डॅशबोर्डच्या मधलं बटण, आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीवरचा दिव्यांचा स्विच. एकाने उठतात आणि दुसऱ्याने नाही, तर फ्यूज, रिले आणि मोटरा सगळे निर्दोष सुटले. दोष त्या एका स्विचचा. हा प्रयोग दिवे रुसलेले असतानाच करायचा. सगळं सुरळीत असताना करून काही कळत नाही.

डाव्या दिव्याकडे येऊ. बटण दाबा आणि आवाज ऐका. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दिवा हलत नाही, तर विजेचा काही प्रश्न नाही; मोटरच्या दांड्यावरच्या हाताचा नट सैल झालाय, लिंक सुटलीय, नाहीतर आतला गिअर झिजलाय. नट बघायला दोन मिनिटं लागतात, म्हणून तो आधी. आवाजच नाही, किंवा क्षीण घुरघुर येऊन थांबते, तर वीज पुरेशी पोचते का ते बघायचं.

आणि इथेच बहुतेक लोक मल्टीमीटरवर विश्वास ठेवून फसतात. कनेक्टर काढायचा, मीटर लावायचा, १२ व्होल्ट दिसले की ‘वीज येतेय, मोटर गेली’ असा निकाल द्यायचा. मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. वायरीच्या सगळ्या तारा सडून एकच शिल्लक असली तरी मीटर आनंदाने १२ दाखवेल. मोटरला मात्र काही अँपिअर लागतात आणि त्या एका तारेतून ते जाणार नाहीत. म्हणून जुन्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि कनेक्टरच्या ‘वर’च्या आणि अर्थच्या पिनांवर लावा. असा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. दुसऱ्या माणसाने बटण दाबल्यावर बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग खणखणीत आहे, मोटर उघडायला घ्या. पिवळट, मरगळलेला पेटला तर मोटरला हात लावू नका. बल्ब पेटता ठेवून मीटरचं एक टोक कनेक्टरच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. बॅटरी डिकीत, त्यामुळे पुढपर्यंत येईल अशी लांब वायर लागेल. जुन्या एक्स्टेंशन कॉर्डची एक तार चालते. मीटरवर पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूने मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. कुठली पिन कशाची हे तुमच्या सालच्या वायरिंग डायग्रॅमवरूनच बघा. १९९४च्या मॉडेलपासून या गाडीला १.६ ऐवजी १.८ लिटरचं इंजिन आलं आणि त्याबरोबर इतरही बदल झाले, म्हणून दुसऱ्या कोणाच्या गाडीतल्या वायरींचे रंग वाचून वायर कापायला जाऊ नका.

मीटर नसला तरी एक घरगुती खूण आहे. इंजिन बंद असताना दिवा अर्ध्यात थांबतो आणि इंजिन चालू असताना, म्हणजे १४ व्होल्टच्या आसपास, पुरता उठतो, तर वाटेत कुठेतरी वीज अडते आहे किंवा यंत्रणा जड झाली आहे. दोन्ही वेळा अगदी त्याच जागी थांबतो, तर तो तांब्यावरचा डाग.

मोटर काढायच्या आधी जडपणा तपासून घ्या. फ्यूज पुन्हा काढून खिशात ठेवलात ना? लिंक सुटी करा आणि दिव्याची चौकट एका बोटाने उचलून बघा. ती सहज वरखाली व्हायला हवी, कुठे खरखर नको. अडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळींत गंज आहे. गंज सोडवणारं तेल मारून, हलवून हलवून मोकळी करा आणि मग ग्रीस लावा. चौकट जड राहिली तर साफ केलेली मोटरही पुन्हा दमणार. मागच्या मालकाने दिव्याचं झाकण रंगवलं असेल तर त्याची कड शेजारच्या पत्र्याला घासते का तेही बघा. असं निघालेलं मी पाहिलंय आणि तोवर लोकांनी मोटरा मागवलेल्या असतात.

आता मोटर. काढण्यापूर्वी गुंडी फिरवून दिवा पुरता खाली आणा आणि हात व दांडा यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना हात त्याच कोनात बसेल. मोटरच्या झाकणाचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. दिसायला साध्या फुलीच्या स्क्रूसारखेच, पण नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळतो, तो घ्या. या गाडीवर तो जन्मभर लागणार आहे. स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

झाकण उघडलं की आत जे दिसेल त्याने घाबरू नका. ग्रीस डब्याच्या तळाशी राहिलेल्या जुन्या तुपासारखं घट्ट, तपकिरी झालेलं असतं आणि त्यात तांब्याची काळी पूड. ते लाकडी काडीने खरवडा, उरलेलं कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. प्लॅस्टिकचा गिअर आहे, म्हणून पेट्रोल किंवा थिनर नको. तांब्याचे पट्टे शाळेतल्या खोडरबराने घासा, मऊ, पांढऱ्या. पॉलिश पेपर मारला तर पट्टा चमकतो खरा, पण त्यावर ओरखडे राहतात आणि त्यात नवी घाण लवकर बसते. पत्र्याची बोटं पट्ट्यावर नीट टेकतात का ते बाजूने उजेड धरून बघा. एखादं उचललेलं असेल तर नखाने अगदी जरासं खाली दाबा. मोडलं तर तेवढंच मिळत नाही. मग गिअरच्या दातांना प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस, आणि पट्ट्यांवर अगदी पातळ हात. ग्रीस जास्त भरलं म्हणजे काम चांगलं झालं असं नाही; याच मोटरीला ग्रीसनेच आजारी पाडलं होतं. झाकण लावताना कडेने सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ द्या, कारण मूळचं सील आता नावापुरतं असतं.

साफ केल्यावर उलटाच प्रकार झाला, दिवा वर-खाली, वर-खाली करत थांबेनाच, तर पट्टा संपल्यावरही वीज तुटत नाहीये. बहुतेक वेळा दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत तांब्याची पूड किंवा ग्रीसचा गोळा अडकून पूल झालेला असतो. लगेच फ्यूज काढा. अशी मोटर चालू सोडली तर बॅटरी उतरेल, नाहीतर मोटर जळेल. फट साफ करूनही थांबत नसेल तर रिले चिकटलाय का बघा.

गिअरचे दात खरोखर गेलेले असतील, किंवा बल्बच्या परीक्षेत वायरिंग पास होऊन साफ केलेली मोटरही हलत नसेल, तर मात्र मोटर घ्या, आणि डाव्या बाजूचीच. जुन्या गाडीतून काढलेली घेतलीत तरी तीही तेवढीच म्हातारी आहे. बसवायच्या आधी उघडून साफ करा. उजवी चालते आहे तिला उगाच काढू नका. एवढंच करा की एखाद्या रिकाम्या रविवारी तिच्या कनेक्टरचीही पिना-सफाई करून टाका.

हे वाचणाऱ्या कोणाकडे अशाच उठत्या दिव्यांची दुसरी गाडी असेल तर यातलं थोडंच लागू पडतं. कॉर्व्हेटच्या १९८४ ते १९९६ आणि १९९७ ते २००४ या दोन्ही पिढ्यांत मोटरच्या आतला प्लॅस्टिकचा भाग हाच पहिला संशयित. मोटर घरघरते आणि दिवा हलत नाही. त्याआधीच्या, १९६८ ते १९८२च्या कॉर्व्हेटमध्ये मोटरच नाही, दिवे इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर उठतात. तिथे मीटर ठेवा बाजूला आणि रबरी नळ्या कुठे फाटल्यात ते शोधा. पोर्शे ९४४मध्ये दोन्ही दिव्यांना मिळून एकच मोटर, त्यामुळे तिथे ‘एकच दिवा उठत नाही’ याचा अर्थ पूर्ण वेगळा होतो. आणि सगळ्यात भरवशाची रचना म्हणाल तर १९३६च्या कॉर्ड नावाच्या गाडीची. डॅशबोर्डवर दोन हँडल, प्रत्येक दिव्याला एक, हाताने फिरवा. बिघडायला आत काही नाहीच.

तुमच्या हवामानाबद्दल दोन शब्द. मिटलेल्या दिव्यावर पाणी गोठलं आणि तुम्ही बटण दाबलं, तर मोटर बर्फाशी कुस्ती खेळते आणि हरते. फ्यूज गेला तर नशीब, गिअर गेला तर खर्च. गोठणारा पाऊस सांगितला असेल आणि गाडी बाहेर उभी राहणार असेल, तर रात्री बटणाने दिवे वर करून ठेवा. बटणाने नुसते दिवे उठतात, पेटत नाहीत, त्यामुळे बॅटरी जात नाही. सकाळी बर्फ असलाच तर झाकणाच्या कडा हाताने मोकळ्या करा. उकळतं पाणी ओतू नका, ते खाली मोटरवर जाऊन पुन्हा गोठतं.

एलईडी दिवे लावायचं तुम्ही शेवटी विचारलंय. माप सोपं आहे, बऱ्याच जुन्या जीपना लागतो तसाच सात इंची गोल दिवा. पण काही एलईडी दिव्यांच्या पाठीवर थंडाव्यासाठी जाड अॅल्युमिनियमचा गठ्ठा असतो. विकत घेण्याआधी खोबणीची खोली मोजा, आणि बसवल्यावर फ्यूज काढून गुंडीने पूर्ण एक फेरा हाताने फिरवा. कुठे टेकलं तर हाताला आधी कळतं; मोटरला कळेपर्यंत उशीर होतो. पण हे सगळं डावी मोटर साफ झाल्यावर, त्याआधी नको. आणि मोटर किंवा चौकट हलवली असेल तर दिव्यांचा झोतही हललेला असणार. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा नीट भरा, तुमच्या वजनाचं कोणीतरी सीटवर बसवा आणि मग झोत जुळवा. वर किती येऊन थांबायचं याचा स्क्रू आधी नीट करा, झोताचे स्क्रू मग. उलट केलंत तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.